शिक्षापद : चूक आणि आपण

(वर्षावास समाप्तीच्या आश्विन पौर्णिमेस संस्थेच्या विहारात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने या विहारात ग्रंथवाचन झाले. रविवारी अभ्यासू मंडळींची व्याख्याने झाली. समारोपाचे दोन शब्द आमच्याकडे का आले ते आम्हांस अजून कळलेले नाही. आम्ही पाली जाणणारे नाही, प्राध्यापक नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि वीसएक वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून आहोत. तेव्हा जे थोडे वाचले आणि जे अंगावर आले तेवढेच सांगू. विषय निवडण्याची मोकळीक होती. आम्ही चूक हा विषय घेतला. यशाबद्दल आपण गुणगौरव समारंभात दरवर्षी ऐकतोच.

पंचशील आपण सर्वजण तोंडपाठ म्हणतो. त्यातल्या एका शब्दाकडे मात्र आमचे पुष्कळ वर्षे लक्ष गेले नव्हते. पाणातिपात, अदिन्नादान हे शब्द समजावून सांगितले जातात; प्रत्येक शीलाच्या शेवटी येणारा ‘सिक्खापद’ हा शब्द आपण नुसता सुरात म्हणून पुढे जातो. सिक्खापद म्हणजे शिक्षापद. इथे शिक्षा म्हणजे दंड नव्हे, शिकणे. शिकण्याची पायरी. आणि ‘समादियामि’ म्हणजे मी ती आपणहून स्वीकारतो. वरून कोणी बजावलेली आज्ञा असती, तर एकदा मोडल्यावर माणूस कायमचा गुन्हेगार झाला असता. शिकण्याची पायरी असल्यामुळे पाय घसरला तर पुन्हा तिच्यावर पाय ठेवता येतो. म्हणून तर दर पौर्णिमेला आपण तीच पाच शीले पुन्हा घेतो. मागच्या पौर्णिमेला घेतलेले सगळे शाबूत असते तर पुन्हा घेण्याचे कारणच काय होते?

पण पुन्हा पाय ठेवायचा तर आधी घसरला हे कबूल करावे लागते. सगळी अडचण तिथे आहे.

मज्झिम निकायात राहुलाला केलेला एक उपदेश आहे. भगवान राजगृहाच्या वेळुवनात राहत होते आणि राहुल जवळच अंबलट्ठिकेला. परंपरा सांगते की त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता. भगवान आलेले पाहून त्याने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी मुद्दाम शिल्लक ठेवले आणि राहुलाला ते दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण एवढेसेच, असे सांगितले. मग ते पाणी ओतून टाकले. मग भांडे पालथे घातले. मग सुलटे करून रिकामे भांडे दाखवले. लहान मुलाला शिकवायची ही पद्धत आमच्या शाळांतून अजून आलेली नाही, पण ते असो.

त्यानंतर भगवंतांनी राहुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कर्म पाहून पाहून करावे, असा तो उपदेश आहे. पालीत त्याला पच्चवेक्खण म्हणतात. करण्यापूर्वी पाहायचे, करत असताना पाहायचे आणि करून झाल्यावरही पाहायचे : यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते का? पहिल्या दोन ठिकाणी होते असे दिसले तर थांबायचे. पण समजा, करून झाल्यावर लक्षात आले. मग काय? इथे भगवान असे सांगत नाहीत की रडत बस, किंवा उपास कर. कायेने वा वाणीने झालेली चूक गुरूला किंवा जाणत्या सोबत्याला उघड करून सांगायची आणि पुढे सावध राहायचे, एवढेच ते सांगतात. पूजा नाही, दक्षिणा नाही, कोणाच्या नावाने नवस नाही. ऐकायला फार सोपे आहे. करून पाहिले म्हणजे कळते.

आम्ही २००४ साली बँकेत लागलो तेव्हा शाखेत संगणक नुकते येत होते, काही खाती अजून जाडजूड लेजरांत होती. पहिल्याच आठवड्यात आमच्या हातून एक आकडा चुकीच्या खात्यावर पडला. आम्ही घाईघाईने ब्लेड काढले. शाळेत कागद खरवडायची सवय. शेजारच्या जुन्या हेडक्लार्कनी आमचा हात धरला. म्हणाले, “बाळा, इथे खरवडायचे नाही. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मार. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिही आणि बाजूला सही कर.” आम्ही विचारले, चूक दिसत राहील त्याचे काय? ते म्हणाले, “दिसू दे. चूक केलेल्याला बँक ठेवते, खाडाखोड केलेल्याला ठेवत नाही.”

ते गृहस्थ बौद्ध नव्हते, राहुलोवाद त्यांनी ऐकलाही नसेल. पण पुढे आम्ही तो उपदेश वाचला तेव्हा आम्हांला त्यांचा तो धरलेला हात आठवला.

आता ज्यासाठी हे सांगायला धजलो ते सांगतो. २०११ साली आम्ही कॅशवर होतो. त्याच्या दोन महिने आधी एका संध्याकाळी हजार रुपये कमी पडले होते आणि नियमाप्रमाणे आम्ही ते खिशातून भरले होते. घरात मुलाची फी, वडिलांचे औषध; ते हजार रुपये मनाला लागून राहिले होते. मग एके दिवशी पाचशे रुपये जास्त निघाले. जास्त निघालेली रक्कम त्याच दिवशी अधिकाऱ्याला सांगून वेगळ्या खात्यात जमा करायची असते. आम्ही ती नोट शर्टाच्या खिशात टाकली. बँकेने हजार घेतले, पाचशे परत दिले, असा हिशेब आम्ही मनाशी मांडला. कारकुनाला हिशेब जुळवता येतोच.

आठ-दहा दिवसांनी एक म्हातारी बाई आली. मागच्या वेळी पाचशे कमी आले, घरी जाऊन सुनेकडून मोजून घेतले, असे म्हणाली. भांडत नव्हती, नुसती सांगत होती. आम्ही काउंटरच्या काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवले. ‘काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी.’ बाईला वाचता येत नव्हते. तिने आमच्या बोटाकडे पाहिले, मान हलवली आणि निघून गेली.

नोट खिशात टाकली त्याची लाज आम्हांला कमी वाटते. त्या पाटीकडे बोट दाखवले त्याची अजून वाटते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना सावकाराच्या पेढीवर आणि तलाठ्याच्या चावडीत अशीच बोटे दाखवली गेली, त्यांच्यातला एक शिकून काचेच्या आत बसला आणि त्यानेही तेच केले. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, ती आपण दर जयंतीला दुसऱ्या कोणाबद्दल तरी म्हणून ऐकतो. आम्हीही तशीच ऐकत आलो होतो.

त्या आठवड्यात पौर्णिमा होती. विहारात सर्वांबरोबर शील म्हणताना दुसऱ्या शीलाला आमचा आवाज बसला. शेजारच्यांना वाटले सर्दी झाली आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही अधिकाऱ्यांना सांगितले. त्यांनी लेखी मागितले, आम्ही लिहून दिले. बाईचे पैसे तिला मिळाले आणि आम्हांला मेमो मिळाला. तो आमच्या फाइलीत आजही आहे. सांगून टाकल्यावर मन पिसासारखे हलके झाले वगैरे काही झाले नाही. वर्षभर शाखेत लोक आमच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहत होते आणि ते योग्यच होते. एवढे मात्र झाले की पुढच्या पौर्णिमेला दुसरे शील आम्ही इतरांच्या आवाजाआड न लपता म्हटले.

आमच्याबरोबर लागलेले पुष्कळजण अधिकारी झाले आणि आम्ही कारकूनच राहिलो, ते या मेमोमुळे असे कोणी समजू नये. बढतीच्या परीक्षेत आम्ही दोनदा नापास झालो, म्हणून राहिलो. विद्यार्थी मित्रांनो, हे मुद्दाम तुमच्यासाठी सांगतो. नापास होणे आणि शील मोडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या घराघरांतून त्यांची अदलाबदल झालेली आहे. मुलगा नापास झाला की घरात सुतक पडते. तोच मुलगा कॉपी करून पास झाला तर पेढे वाटले जातात. नापास होण्यात पंचशीलातले एकही शील मोडत नाही. कॉपीत निदान दोन मोडतात, आणि पेढे वाटणाऱ्यांचाही त्यात वाटा असतो.

नापास होणे तर प्रत्यक्ष भगवंतांनाही चुकले नाही. सहा वर्षे देह झिजवून पाहिला, मार्ग चुकला असे दिसले आणि त्यांनी तो सोडला. सोबतचे पाच परिव्राजक हा बिघडला म्हणून सोडून गेले. संबोधी झाल्यावर तरी भेटेल तो माणूस पायाशी आला का? नाही. गयेच्या वाटेवर उपक नावाचा एक आजीवक भेटला. भगवंतांनी त्याला आपल्याला काय लाभले ते सांगितले. तो ‘असेलही बाबा’ अशा अर्थाचे काही बोलला, मान हलवली आणि आडवाटेने चालता झाला. जगाला धम्म सांगण्याचा पहिला प्रयत्न असा गेला. ही हकीकत संघाने झाकली नाही, सुत्तात ठेवली, याचे आम्हांला फार वाटते. भगवान मात्र तिथून सारनाथपर्यंत चालत गेले आणि जे सोडून गेले होते त्याच पाचजणांना भेटले.

बाबासाहेबांचेही तसेच. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसांनी वर्षानुवर्षे मार खाल्ला, तुरुंग भोगला. दार उघडले नाही. त्याच दारावर आणखी दहा वर्षे डोके आपटता आले असते. बाबासाहेबांनी थांबून विचार केला की दारच चुकीचे आहे काय. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली आणि पुढे एकवीस वर्षे अभ्यास करून १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आला. या मधल्या वाटेवरही हार होतीच. हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले; १९५२ ला मुंबईतून लोकसभेची निवडणूक हरले, १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक हरले. शरीर साथ देत नव्हते. जो ग्रंथ आपण हे तीन महिने वाचला तो याच वर्षांत लिहिला गेला आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली छापून आला.

इथवर एकेकट्याच्या चुकीबद्दल बोललो. आता संस्थेच्या चुकीबद्दल बोलायचे आहे, आणि आजचा दिवस त्यासाठीच आहे. आश्विन पौर्णिमा म्हणजे प्रवारणा. आपल्याकडे या दिवशी खीरदान होते, चीवरदानाची तयारी होते, फोटो निघतात. प्रवारणा म्हणजे काय हे मात्र मागे पडते.

विनयपिटकाच्या महावग्गात तिची कथा आहे. काही भिक्खू कोसल देशात एके ठिकाणी वर्षावासाला राहिले. भांडणे होऊ नयेत म्हणून त्यांनी ठरवले की तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही. एकाने जागा झाडायची, दुसऱ्याने पाणी भरायचे, सगळे मुकाट्याने. वर्षावास संपल्यावर ते मोठ्या अभिमानाने श्रावस्तीला भगवंतांकडे गेले. आमचे तीन महिने फार सुखाने गेले, कसलाही वाद झाला नाही, म्हणाले. भगवंतांनी त्यांना शाबासकी दिली नाही. हे तर गुराढोरांसारखे एकत्र राहणे झाले, असे म्हणून फटकारले आणि प्रवारणेचा नियम घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघापुढे उकिडवे बसून, हात जोडून, तीनदा विनंती करायची : माझ्याबद्दल काही पाहिले असेल, ऐकले असेल, संशय आला असेल, तर कृपा करून मला सांगा. आणि ही विनंती आधी सर्वांत थोराने करायची, मग खालच्यांनी.

संयुत्त निकायात तर असे आहे की श्रावस्तीच्या पूर्वारामात प्रवारणेच्या रात्री स्वतः भगवंतांनी जमलेल्या भिक्खूंना विचारले, माझ्या कायेच्या वा वाणीच्या वागण्यात तुम्हांला काही खटकते का? शास्ताच विचारतो म्हटल्यावर आपल्यासारख्या कार्यकारिणीने न विचारायला कारण उरत नाही.

आपल्या अभ्यासिकेचे काय झाले ते येथील बहुतेकांना ठाऊक आहे. ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. कोसलातल्या भिक्खूंसारखे. २०१७ च्या जूनमध्ये मागच्या खोलीत अभ्यासिका सुरू केली. उद्घाटनाला मंडप होता. बावीस मुलांनी नावे दिली. दिवाळीपर्यंत सहा राहिली, फेब्रुवारीत कुलूप लागले. आम्ही त्या वेळी चिटणीस होतो. २०१८ च्या वार्षिक अहवालात आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले : ‘संस्थेची अभ्यासिका उत्तम रीतीने सुरू आहे.’ २०१९ च्या अहवालात मागच्या वर्षीचे वाक्य तसेच उतरवून काढले. सभेत अहवाल वाचला, टाळ्या पडल्या, सर्वानुमते मंजूर झाला. चाळीसएक माणसे त्या सभेत होती आणि प्रत्येकाला कुलूप ठाऊक होते. सभेच्या सुरुवातीला आपण पंचशील घेतले होते. चौथे शील घेऊन अर्धा तास झाला नव्हता.

तो अहवाल वाचून एक मुलगी आईला घेऊन आली. बारावीत होती. घर एका खोलीचे, त्यात सहा माणसे आणि रात्री दहापर्यंत टीव्ही. अहवालाची प्रत तिच्या हातात होती. आम्ही किल्ली शोधून दार उघडले. आत जयंतीचे बांबू, मंडपाचे कापड, मोठी पातेली आणि ताटांच्या चळती. टेबले भिंतीला उलटी लावलेली. आई म्हणाली, “राहू द्या सर, तुमची अडचण असेल.” मुलगी काही बोलली नाही, अहवालाची घडी करून तिने पिशवीत ठेवली.

त्या वर्षीच्या प्रवारणेला आम्ही कार्यकारिणीपुढे हे मांडले. काहीजण रागावले, संस्थेची बदनामी करता काय, असे विचारले गेले. एकाने सांगितले की मुलांनाच शिकायचे नाही, त्याला आपण काय करणार. हे वाक्य आम्हीही वर्षभर म्हणत होतो. शेवटी एका उपासिकाताईंनी विचारले, सोडून गेलेल्या मुलांना कोणी भेटले आहे का? कोणी भेटले नव्हते. मग दोन रविवार घरोघर फिरलो. अभ्यासिका नऊला बंद होत होती, कारण किल्लीवाल्यांना लांब जायचे होते. मुलांना शांतता हवी होती ती नऊनंतर. मुलींसाठी मागच्या संडासात दिवा नव्हता, म्हणून मुली पहिल्या महिन्यातच थांबल्या. आणि दर शनिवारी आमचीच कुठली तरी बैठक तिथे भरत होती. या तीन कारणांत मुलांची चूक कुठे आहे, शोधून पाहा.

दिवा लागला. किल्ली जवळच राहणाऱ्या एका रिक्षावाल्या बंधूंकडे दिली, ते अकराला येऊन बंद करतात. मध्ये २०२० साली टाळेबंदीत सगळेच थांबले, ते पुन्हा सुरू करायला अडीच वर्षे गेली आणि त्यातली दीड वर्षे आमच्या आळसाची आहेत. आज तिथे अकरा मुले बसतात, त्यांत चार मुली. ती बारावीची मुलगी त्यांत नाही. तिच्या उपयोगाची वेळ आपण घालवली, ती आता कोणालाच परत देता येणार नाही. २०१८ आणि २०१९ च्या अहवालांतल्या त्या वाक्यांवर मागच्या वर्षी सभेच्या परवानगीने आडवी रेघ मारली आहे. खालचे वाक्य वाचता येते. बाजूला सही आमची आहे.

एवढा मोठा सम्राट अशोक, त्याने कलिंगात काय केले ते स्वतःच दगडावर कोरून ठेवले. दीड लाख माणसे देशोधडीला लावली, एक लाख मारली आणि त्याहून कितीतरी पट मेली, हे त्याच्या तेराव्या शिलालेखात आहे. शत्रूने ते लिहिले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता. तरी एक गोष्ट खटकते. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, तो तेरावा लेख नाही. ज्यांच्यावर घाव पडला त्यांच्या डोळ्यांसमोर ते आकडे कोरायला बहुधा त्याचाही हात धजला नसावा. हा आमचा तर्क आहे, जाणकारांनी सुधारावा. मात्र त्याच अशोकाने राजस्थानातल्या बैराट येथे मिळालेल्या लेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत असे जे सात उपदेश सांगितले आहेत, त्यांत एक राहुलाला केलेला, खोटे बोलण्याविषयीचा आहे. इतक्या सुत्तांतून त्याने तो निवडला.

वेळ बराच झाला आहे आणि खीर थंड होते आहे. भंतेजींच्या अनुमतीने आज एक वेगळे ठरले आहे. त्रिशरण झाल्यावर कार्यकारिणीचे आम्ही सर्व सभासद व्यासपीठावरून खाली येऊन सतरंजीवर बसणार आहोत. संस्थेच्या कारभारात ज्याने जे पाहिले, ऐकले किंवा ज्याला संशय आला त्याने ते सांगावे. विद्यार्थ्यांनी आधी बोलावे, वडीलधाऱ्यांनी मागाहून. हिशेबाच्या वह्या टेबलावर ठेवल्या आहेत. अध्यक्ष महोदय आमच्यांत वयाने सर्वांत थोर, तेव्हा पहिली विनंती ते करतील.

जय भीम. नमो बुद्धाय.